वायर बाकड्यापर्यंतच पुरली

“हात खाले कर! खाले कर म्हनी ऱ्हायनू ना! जित्ता शे तो!”

तू ओरडत होतास आणि माझा हातोडा डोक्याच्या वर जाऊन अडकला होता. सुपडू, तुझा तो आवाज इतका मोठा होता की तळोद्याच्या स्टँडवर अक्कलकुव्याच्या गाडीत बसलेली माणसं घाबरून उतरली आणि धडगावच्या गाडीत जाऊन बसली. आपल्या आवारातल्या निंबावरचे कावळे उडाले ते थेट गुजरातेत उतरले. बाकड्यावर एक चपटा मॉनिटर होता, कुठल्याशा कचेरीच्या लिलावातला. पाठीचं झाकण उघडं, तारा बाहेर लोंबलेल्या, आणि तरी पुढच्या काचेवर निळसर उजेड.

“पेटस ना?” आवाज खाली आणत तू म्हणालास. “मंग जित्ता शे. जित्त्याले फोडतस का कोनी?”

“भो, आपलं दुकान भंगारनं शे,” मी म्हणालो. “दवाखाना नही.”

हा आपला पहिला वाद. भागीदारीचा पहिलाच आठवडा होता. तोच वाद आपण पुढे इतकी वर्षं घातला की शेडच्या पत्र्यालाही तो पाठ झाला असेल. आता तू गेलास. अजून महिना व्हायचाय. आणि वाद माझ्या एकट्याच्या अंगावर पडलाय. एका माणसाने वाद घालणं म्हणजे एका हाताने बैलगाडीचं चाक चढवण्यासारखं आहे. मी ते एकदा करून दाखवलं होतं, पण तो किस्सा वेगळा, आणि त्यालाही साक्षीदार तूच होतास.

हे मी शाळेतल्या मराठीत लिहितोय, हसू नकोस. कागद समोर आला की आपली अहिराणी चपला काढून दारातच उभी राहते. तू जिथे बोलशील तिथे मात्र तुझ्याच तोंडाने बोलू देईन.

रस्त्यावरून जाणाऱ्याला मॉनिटर म्हणजे एक काच वाटते. त्याच्या पोटातला संसार आपण पाहिला. मागचं प्लॅस्टिक, त्याखाली पत्रा, पत्र्याखाली हिरव्या पाट्या. त्या पाट्यांत नखाएवढं सोनं असतं असं मी गावभर सांगत सुटायचो, आणि “नखमातला मळएवढं” अशी दुरुस्ती तू मागून करायचास. तांब्याच्या तारा, पायाचं लोखंड. काचेमागे कागदासारखे पांढरे पडदे, त्यांच्यामागे जाड पारदर्शक पाटी, आणि सगळ्यांत शेवटी चांदीसारखा चकाकणारा पातळ कागद. जुन्या मॉनिटरांच्या कडेला पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या नळ्या असायच्या, पोटात पारा असलेल्या. त्या काढताना तू श्वास धरायचास. मला जवळ फिरकू द्यायचा नाहीस. “तू बोलस भलता, बोलता बोलता तुन्हा हात हालस,” म्हणायचास. मग एकेक नळी कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात अशी झोपवायचास, जणू बाळंतिणीच्या खोलीत काम चाललंय. जाड पाटी तुझ्या घरी वहिनी घेऊन जायची, तिच्यावर नागलीचे पापड लाटायची. त्या पापडात मला माझं तोंड दिसायचं, इतके पातळ. बरं, तोंड नाही तर निदान मिशी.

तुझी रीत ठरलेली होती. फोडण्याआधी प्रत्येक मॉनिटरला एकदा वीज लावायची, बटण दाबायचं आणि एक बिडी संपेपर्यंत वाट बघायची. काही मॉनिटर म्हाताऱ्या माणसासारखे उशिरा जागे होतात, त्यांना वेळ द्यायला हवा, हे तुझं म्हणणं. पेटला नाही तर माझ्याकडे ढकलायचास. पेटला की वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसून भिंतीला उभा करायचास. भिंतीकडची ती रांग वाढत वाढत इतकी लांब झाली की तिचं एक टोक आपल्या शेडमध्ये आणि दुसरं टोक शहाद्यात होतं. विकत घ्यायला कोणी येत नव्हतं. कोणाला हवेत ते जाडजूड जुने डबे? मी रोज म्हणायचो, “हाई जित्तासनी धरमशाळा कवलोंग चालाडसी?” तू रोज म्हणायचास, “पेटतस तवलोंग.”

त्या रांगेत काही मॉनिटर असे असायचे की नुसता कोरा उजेड केला तरी काचेवर पुसट रेषा दिसायच्या. कुठल्यातरी खिडकीवर वर्षानुवर्षं एकच तक्ता उघडा राहिलेला, त्याचे रकाने काचेत उतरलेले. मी म्हणायचो, खराब झालाय, फोड. तू बोटाने त्या रेषांवरून हात फिरवत म्हणायचास, “याले याद ऱ्हाई गयी.” तसले तू रांगेत सगळ्यांत पुढे ठेवायचास. तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

धडगावकडच्या शाळेचा तो माल आठव. जीप चांदसैली घाट उतरत होती. मागे मॉनिटर असे रचले होते की वरच्या मॉनिटरला ढग लागत होते. एका वळणावर जीपचं पुढचं धूड उचललं गेलं, दोन्ही चाकं हवेत, ड्रायव्हरला रस्त्याऐवजी आकाश दिसू लागलं, आणि तू झेप घेऊन बॉनेटवर बसलास म्हणून आपण वाचलो. हे मी सांगितलं नाही असा माणूस तालुक्यात उरलेला नाही. लोक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग तुझ्याकडे. तू बाकड्यावरून मान न उचलता म्हणायचास, “दोन्ही नही. एकच चाक उचलनं व्हतं. आनि मी बॉनेटवर नही, मडगार्डवर बठनू व्हतू. बाकी बराबर शे.”

बाकी बराबर शे! या तीन शब्दांवर माझी सगळी इज्जत उभी होती, सुपडू. मी गोष्ट हत्तीएवढी करायची, तू तिची सोंड आणि शेपूट कापायची, आणि लोकांनी उरलेला हत्ती खरा मानून घरी न्यायचा. तू कधी मला खोटं पाडलं नाहीस. फक्त मापात आणलंस. तुझ्याविना माझ्या गोष्टी आता आवारभर सैल सुटल्या आहेत, आणि त्यातली कुठली खरी होती हे मलाही सांगता येत नाही. लोक चहाच्या टपरीवर आजही ऐकतात. पण ऐकून झालं की पूर्वी तुझ्याकडे बघायचे तसे सवयीने एका बाजूला बघतात. तिथे टपरीचा खांब असतो.

आता कॅमेऱ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

आवारातून तांब्याचं भेंडोळं चोरीला गेलं तेव्हा मीच म्हणालो की फाटकावर कॅमेरा बसवू. कॅमेरा आला, बसवणारा शिडी घेऊन आला, आणि म्हणाला की शेडपासून फाटकापर्यंत अजून वायर लागेल. तू उठून उभा राहिलास. तुझ्या पायाशी वायरींचा ढीग पडला होता, त्यात सगळा जिल्हा गुंडाळता आला असता. पण तू म्हणालास, “तांबं इकाकरता ऱ्हास. भितीवर टांगाकरता नही.” झालं. होती तेवढी वायर बाकड्यापर्यंतच पुरली. म्हणून कॅमेरा लागला तो तुझ्या बाकड्याकडे तोंड करून. फाटक त्यात आलं नाही, चोर कधी आला नाही. एकदा कोणाची तरी बकरी कापूस खाताना सापडली, तेवढाच पकडलेला गुन्हेगार. बाकी सगळी वर्षं त्या कॅमेऱ्याने एकच चोर पाहिला, तो म्हणजे तू. निंब, तराजूचा काटा, बाकडं, आणि बाकड्यामागे तू, डोक्यावर टोपी, मान डावीकडे कललेली, हातात पेचकस.

भंगारवाल्यावाचून ही चूक जगात दुसरं कोणी करणार नाही.

आणि ते चित्र दाखवायला शेडच्या आतल्या भिंतीवर जो मॉनिटर टांगला, तोही तुझ्या रांगेतलाच एक होता. त्याला तू नोकरी लावून दिलीस असं मी म्हणायचो. सकाळी शेड उघडली की तो चालू, संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत चालू. तू बाहेर बाकड्यावर बसलेला, आणि आत काचेत बसलेला. मी आत बसून तुला शिव्या द्यायचो तेव्हा काचेकडे बघून द्यायचो. बाहेरून तू उत्तर द्यायचास.

त्या शेवटच्या दिवशीही वादच चालला होता. बाकड्यावरचा मॉनिटर अर्धाच पेटला होता. खालचा भाग उजळ, वरचा काळा ठिक्कर. मी म्हणालो, हा मेला. तू म्हणालास, खाली बघ. मी म्हणालो, वर बघ. “अर्धा मरेल म्हंजे मरेलच ना भो,” मी म्हणालो. तू बिडी कानावरून काढलीस, बोटांत फिरवलीस, आणि म्हणालास, “चहा ली ये. मंग सांगसू.”

टपरी रस्त्यापलीकडे. मी गेलो आणि आलो. चहा इतका कढत होता की पेला धरताना माझी बोटं भाजली. यात मी काही वाढवलेलं नाही. तुझी हनुवटी छातीला टेकली होती. मला वाटलं एखादी नळी न्याहाळतोयस, म्हणून मी श्वास धरून उभा राहिलो, तुझ्याच शिकवणीने. किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. समोर तो अर्धा मॉनिटर उजळलेला. तुझ्या टोपीवर खालून निळा उजेड.

डॉक्टर म्हणाले छातीचं होतं. वहिनी म्हणते नळ्यांचं होतं. मी काही म्हणत नाही. तू चहा आल्यावर सांगणार होतास, मी चहा आणला, पुढचं तुझ्याकडे बाकी आहे.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी आवाराच्या फाटकापर्यंत आली. आत पाऊल टाकलं नाही. फाटकाचा गज धरून म्हणाली, “जिभाऊ, सगळं भरी द्या. सुरतवालाले सांगा, एकच गाडीमा ली जाय. पेटेल बी आनि मरेल बी. माले एक बी वस्तू नको.”

“सुपडूनी रांग बी?” मी विचारलं.

“रांगमुळेच त गयात त्या,” ती म्हणाली. तुझं नाव न घेता ती तुला ‘त्या’च म्हणते.

निम्मा माल तुझा होता, म्हणजे आता तिचा. आणि तिचं दुःख माझ्यापेक्षा मोठं होतं, हेही मला मापता येतं, तू नसलास तरी. मी सुरतच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, होळीच्या आधी ट्रक पाठवतो.

ट्रक यायला अवकाश होता. दुपारी रिकामा बसलो आणि काय माझ्या डोक्यात शिरलं ठाऊक नाही, मी एकेक मॉनिटरला वीज लावू लागलो. सगळे एकत्रच जाणार होते, पेटला काय न पेटला काय, कोणी विचारणार नव्हतं. तरी लावत गेलो. बटण दाबायचं आणि बिडी संपेपर्यंत बघत बसायचं. मी बिडी ओढत नाही. तुझं राहिलेलं बंडल घेतलं, पेटवून नुसतं धरून बसायचो. तू मला त्या दिवसांत पाहिलं असतंस तर फाटकाबाहेर जाऊन हसला असतास.

करत करत भिंतीवरच्या मॉनिटरपाशी आलो. कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डिंगचा डबा वहिनीच्या भावाने आधीच काढून कोणाला तरी देऊन टाकला होता. दाखवायला मॉनिटरकडे काही उरलं नव्हतं. मी बटण दाबलं. काचेवर राखाडी उजेड आला आणि सिग्नल नाही असं इंग्रजीत लिहिलेली एक पट्टी इकडून तिकडे फिरू लागली.

पट्टीच्या मागे निंब होता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, शेडच्या आत अंधार, मी उन्हातून आत आलेलो, डोळ्यांपुढे तसंही काहीबाही नाचत होतं. मी डोळे चोळले. पेल्यातलं पाणी तोंडावर मारलं. निंब तिथेच. खाली तराजूचा काटा. मधे बाकड्याची आडवी रेघ. बाकड्यामागे एक पुसट ढेकूळ, वर टोपीचा कोपरा, आणि ढेकळाची मान डावीकडे कललेली.

मी बाहेर धावलो. बाकड्यावर कोणी नव्हतं. पेचकस जागच्या जागी होता, पाल त्याच्यावर बसली होती.

काच धरून ठेवते, हे तूच शिकवलंस. वर्षानुवर्षं एक चित्र तिच्यासमोर राहिलं की तिला याद राहते. निंब हलला नाही, तो राहिला. काटा हलला नाही, तो राहिला. आणि तू! मी तुला दगड म्हणायचो, धोंडा म्हणायचो, निंबाला पार बांधतात तसा तुला बांधायला हवा म्हणायचो. त्याच आवारात तितकीच वर्षं मी नाचत, ओरडत, हातवारे करत फिरलो. काचेत मी शोधलं स्वतःला. कुठेच नाही. एक डागसुद्धा नाही.

हे सगळं असं समजावून घेतलं की भीती जायला हवी. गेली नाही. त्या दिवसापासून मी त्या मॉनिटरकडे पाठ करून बसू शकत नाही. पाठ केली की मानेवर बिडीचा वास येतो. आणि खरी भीती ती नव्हेच. खरी भीती ही की मी आयुष्यभर जे नव्हतं ते पाहिल्याचं सांगत आलो. आता हे मला दिसतंय ते आहे, की मीच उभं केलंय? मला कोण सांगणार, बाकी बराबर शे म्हणून?

दोन दिवसांनी डोंगरातल्या काठी गावाच्या बाजूचा रायसिंग आला. दरवर्षी होळीच्या आधी तो तुझ्याकडे चकाकते कागद न्यायला यायचा, डोक्यावरच्या उंच टोपाला लावायला. काठीच्या होळीत त्याचा टोप शेकोटीच्या उजेडात असा चमकायचा की मी म्हणायचो, विमानं वाट चुकतात. तू गेल्याचं त्याला डोंगरात कळलं नव्हतं. आल्या आल्या त्याने विचारलं, “सुपडूभाऊ कुठेय?”

माझ्या तोंडून निघालं, “सुरतला गेलाय.”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, शपथ. पण तोंडाला सवय तशी. आणि क्षणभर मला बरं वाटलं, तू सुरतला गेलायस म्हणून.

रायसिंग शेडमध्ये येऊन पाणी प्यायला. तोंड पुसता पुसता त्याची नजर भिंतीवर गेली. मॉनिटर चालूच होता, मी तो बंद करत नसे.

“हा काय, बसलाय की बाकड्यावर,” तो म्हणाला, आणि दाराबाहेर वाकून बाकड्याकडे बघितलं.

मग पुन्हा भिंतीकडे. मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. सुपडू, मी! काही बोललो नाही! रायसिंगने लोटा हळूच खाली ठेवला, कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि फाटकापर्यंत मागे वळून बघितलं नाही. फाटकातून म्हणाला, “होळीला या भाऊ. दोघंही या.”

रायसिंगच्या लेखी तू अजून सुरतलाच आहेस. किंवा नाहीस. मी होळीला गेलो नाही.

रायसिंग दिसेनासा झाला तसा उठून वहिनीकडे गेलो. ती ओट्यावर पापडांचं पीठ कुटत होती, तीच तुझी पारदर्शक पाटी भिंतीला टेकवलेली. मी म्हणालो, “वहिनी, सुपडू दिसस. भितीवरला मॉनिटरमा. रायसिंगनी बी देखा.”

मुसळ थांबलं नाही. “तुमनी त जीप बी उडी ऱ्हायनी व्हती घाटमा.”

“एकच चाक उचलनं व्हतं,” मी म्हणालो. पहिल्यांदाच मी स्वतः कमी करून सांगितलं.

तेव्हा तिने मुसळ ठेवलं. रागावलेली नव्हती, आणि तेच वाईट. “जिभाऊ, त्या हां म्हनेत, म्हनीसन लोके तुमनं आयकेत. आते कोन म्हनी हां? मन्हापुढे नका सांगू अशी गोट. मी इश्वास ठेवसू, आनि उद्या तुम्ही टपरीवर सांगशात, दोन्ही चाकं उचलनात म्हनीसन.”

मी घरी आलो. दिवसभर कोणाशी बोललो नाही. टपरीवाल्याने त्याच्या बायकोला माझ्या घरी विचारायला पाठवलं की जिभाऊ आजारी आहे का.

ट्रक आला तो मिरचीचा. नंदुरबारच्या वाळवणाच्या पथारीवरून लाल मिरची वाहून वाहून त्याच्या फळ्या पार मुरलेल्या, नुसतं फाळकं उघडलं तर निम्मं तळोदं शिंकलं. ड्रायव्हर, मी, दोन हमाल, सगळे डोळ्यांतून पाणी गाळत मॉनिटर भरत होतो. त्यामुळे कोणाचं पाणी कशाचं ते कळायला वाव नव्हता, हे मला बरं पडलं. तुझी रांग माझ्या हाताने गेली. तो अर्धा पेटणाराही गेला. जाण्याआधी त्याला वीज लावून पाहिली, तर तो अजिबात पेटला नाही, ना वर ना खाली. म्हणजे वाद मी जिंकलो. असल्या जिंकण्याचं लोणचं घालायचं?

वहिनी आली होती. फाटकाजवळ, गज धरून उभी. सगळं गेल्याशिवाय ती हलणार नव्हती.

शेड रिकामी झाली. भिंतीवरचा मॉनिटर तेवढा उरला, राखाडी उजेडात पट्टी फिरत असलेला. मी त्याच्यापासून लांब उभा होतो. मालाची निम्मी मालकीण फाटकात उभी, तिने सांगितलंय एकही वस्तू नको, आणि अडवायला माझ्याकडे जे होतं त्यावर कुत्रंही विश्वास ठेवणार नाही. ड्रायव्हर आत आला, नाक पुसलं, दोन्ही हात मॉनिटरच्या कडांना लावले आणि मला विचारलं, “काका, आ पण भरवानुं?”

“हात खाले कर!”

मीच ओरडलो. माझा आवाज नव्हता तो. म्हणजे घसा माझाच फाटला, पण शब्द कुठून आले सांगता येत नाही. “खाले कर म्हनी ऱ्हायनू ना! जित्ता शे तो!”

ड्रायव्हरने हात काढले. बाहेर हमाल थांबले. निंबावरचे कावळे उडाले. उडाले, बस्स. गुजरातेत वगैरे गेले नाहीत, समोरच्या तारेवर बसले.

आणि फाटकाचा गज वाजला. वहिनी आत आली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. बाकड्याला वळसा घालून, त्याच्याकडे न बघता, थेट शेडमध्ये. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. ती मॉनिटरसमोर जाऊन उभी राहिली.

मी गप्प बसायला हवं होतं. तिला तिचं बघू द्यायचं. पण मला ओळखतोस तू. मी सुरू झालो. हाऊ देखा निंब, वहिनी. हाऊ काटा. आनि हाई टोपी, देखा टोपीना कोपरा, देखा मान कशी वाकडी, हातमा पेचकस, कानवर बिडी, आनि हासी ऱ्हायना देखा, आपलाकडे देखीसन हासी ऱ्हायना सुपडू, दात बी दिसी ऱ्हायनात. ड्रायव्हर मान वाकडी करून काचेत बघत होता. त्याला काय दिसत होतं देव जाणे, त्याचे डोळे मिरचीने भरलेले.

वहिनीने पदराचं टोक घेतलं आणि काच पुसली. एकदा वरून खाली, एकदा आडवी. चिंधीने तू पुसायचास तशी. पुसूनही ते गेलं नाही. मग ती तशीच बघत राहिली. पट्टी फिरत फिरत टोपीपर्यंत आली, टोपी झाकली, पुढे सरकली. ट्रकमधून कोणीतरी शिंकलं. मला वाटलं ती म्हणेल, नेऊन टाका. मला वाटलं ती म्हणेल, जिभाऊ, लाज वाटू द्या.

ती ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, “हाऊ ऱ्हाऊ दे. गाडी काढ तुन्ही.”

तो गेला. मी भिंत धरली आणि विचारलं, “दिसना ना, वहिनी? हासी ऱ्हायना ना तो?”

“हासतस नही त्या,” वहिनी म्हणाली. “बाकी बराबर शे.”